विक्रांतच्या मेडॅलियनवरील 4 मार्च 1961 ही तारीख आणि ते घडवल्याचा काळ

प्राजक्ता_डोंबिवली

नमस्कार. नाणी आणि पदकांच्या या विभागात मी प्रथमच लिहीत आहे, त्यामुळे विचारण्याच्या पद्धतीत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

माझे थोरले काका नौदलात इंजिनरूममध्ये नोकरीला होते. त्यांच्या पश्चात कपाट आवरताना काकूंनी निळ्या मखमलीची एक डबी माझ्याकडे दिली. तिच्यात पितळेसारखे दिसणारे, हाताला जड लागणारे एक गोल मेडॅलियन आहे. दर्शनी बाजूवर विमानवाहू जहाज बाजूने पाहिल्यासारखे कोरलेले आहे, वरच्या कडेने इंग्रजी अक्षरांत विक्रांतचे नाव आहे आणि खाली 4 मार्च 1961 ही तारीख आहे. मागील बाजूस जहाजाचे मानचिन्ह, त्याखाली देवनागरीत ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ब्रीद आणि आर 11 हा क्रमांक आहे. फीत ओवण्यासाठी कडी नाही, कडेवर कोणाचे नाव नाही आणि घडवणाऱ्याचा शिक्काही मला कोठे दिसला नाही.

विक्रांत ताब्यात घेऊन भारतात आणण्यासाठी जी तुकडी बेलफास्टला गेली होती, तिच्यात काका होते आणि हे मेडॅलियन त्यांना तेथेच समारंभात मिळाले, असे आमच्या घरी सांगितले जाते. माझा चुलतभाऊ ते चौकटीत बसवून खाली पितळी पाटी लावणार आहे. पाटीवर ‘बेलफास्ट, 1961, नौदलाकडून प्रदान’ असा मजकूर त्याने ठरवला आहे. एकदा कोरलेला मजकूर पुढच्या पिढ्या खराच मानतील, म्हणून त्याआधी जाणकारांना विचारावे असे मला वाटले. हे खरोखर 1961 चे असेल का? याला सेवापदक म्हणता येईल का? आणि त्यावर काळपट थर आला आहे, तो काढावा की राहू द्यावा? विकण्याचा विचार अजिबात नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली आहेत.

नाणेसंग्रह_पुणे

प्राजक्ताताई, छायाचित्रे स्पष्ट आहेत आणि कोरण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत.

प्रथम सोपा भाग. हे नाणे नाही, कारण त्यावर दर्शनी मूल्य नाही आणि ते चलन म्हणून काढलेले नाही. सेवापदकही नाही. आपल्या सैन्यदलांची सेवापदके फितीला अडकवून गणवेशावर लावण्यासाठी असतात आणि ज्याला दिले त्याचा क्रमांक, हुद्दा व नाव त्यांवर कोरलेले असते. ही वस्तू हातात घेऊन पाहण्याची किंवा टेबलावर ठेवण्याची आहे. अशी स्मरणिका कोणत्याही प्रसंगी, कोणीही घडवून घेऊ शकतो: टांकसाळ, जहाजबांधणी कारखाना, जहाजावरील अधिकाऱ्यांचा भोजनकक्ष, माजी सैनिकांची संघटना किंवा फोर्टमधला एखादा ढाल-करंडकवालासुद्धा.

आता कठीण भाग. मेडॅलियनवरची तारीख ही ज्या घटनेचे स्मरण करायचे तिची तारीख असते, ते घडवल्याची तारीख असेलच असे नाही. नाण्यांची सवय असलेल्या माणसाची येथे हमखास फसगत होते, कारण नाण्यावरचे साल बहुतेक वेळा पाडल्याचे साल असते. शिवराज्याभिषेकाच्या स्मरणपदकावर 1674 असले म्हणून ते सतराव्या शतकातले ठरत नाही, हे आपण सहज मान्य करतो; पण साल आपल्या आईवडिलांच्या आयुष्यातले असले की तीच सावधगिरी आपण विसरतो. म्हणून घडवल्याचा काळ चित्र, धातू, घडवण्याची पद्धत आणि डबी यांवरून काढावा लागतो.

कृपया सराफाकडच्या काट्यावर वजन, तसेच व्यास व जाडी मोजून सांगावी. लोहचुंबक चिकटतो का तेही पाहावे. आणि छायाचित्रात जहाजाचे पुढचे टोक मला वर उचललेले दिसते आहे. ते खरेच तसे आहे की प्रकाशामुळे भासते, हे भिंगातून पाहून कळवावे. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

जुना_खलाशी

मी नौदलातून निवृत्त झालो आहे. विक्रांतवर माझी नेमणूक नव्हती, परंतु जहाज नौदलात दाखल होण्याचे सोहळे जवळून पाहिले आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

तारीख बरोबर आहे. 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे विक्रांत भारतीय नौदलात दाखल झाली. ब्रिटनमधील आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित त्या समारंभाला प्रमुख पाहुण्या होत्या आणि कॅप्टन प्रीतम सिंग महिंद्रू हे पहिले कमांडिंग ऑफिसर होते. जहाज मात्र त्यापूर्वीचे. दुसरे महायुद्ध चालू असताना 14 ऑक्टोबर 1943 रोजी विकर्स-आर्मस्ट्राँगने त्याची बांधणी ‘हर्क्युलिस’ या नावाने सुरू केली, 22 सप्टेंबर 1945 रोजी त्याचे जलावतरण झाले, आणि युद्ध संपल्यामुळे पुढच्या वर्षी काम थांबले. अर्धवट सांगाडा तसाच पडून होता. 1957 मध्ये भारताने तो विकत घेतला आणि बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फ गोदीत तिरकी धावपट्टी, विमानाला उड्डाणासाठी जोराने पुढे ढकलणारे वाफेचे कॅटापुल्ट इत्यादी बसवून जहाज पूर्ण करून घेतले. मुंबईत ते आले 3 नोव्हेंबर 1961 रोजी, आणि त्या वेळी स्वागताला पंतप्रधान नेहरू हजर होते.

एकाच जहाजाला अशा अनेक तारखा असतात आणि स्मरणिकांवर कोणती घातली आहे यावरून ती कोणत्या हेतूने काढली याचा अंदाज येतो. जलावतरण म्हणजे सांगाडा पाण्यात सोडणे. आपल्याकडे ते बहुधा एखाद्या मान्यवर स्त्रीच्या हस्ते, अथर्ववेदातील ऋचा म्हणून होते. त्यानंतर चाचण्या होतात, आणि मग कारखाना जहाज नौदलाच्या स्वाधीन करतो. तोवर कागदोपत्री जहाज म्हणजे कारखान्याचा एक क्रमांक असतो. माझगाव डॉकने बांधलेली मोरमुगाव ही विनाशिका नौदलात येईपर्यंत ‘यार्ड 12705’ होती. 18 डिसेंबर 2022 रोजी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये ती दाखल झाली तेव्हा तिच्या नावामागे आयएनएस लागले. दाखल होण्याच्या दिवशी कमांडिंग ऑफिसर कमिशनिंग वॉरंट वाचून दाखवतो, राष्ट्रगीताबरोबर नौदलाचा ध्वज त्या जहाजावर पहिल्यांदा चढतो आणि डोलकाठीच्या टोकाला कमिशनिंग पेनंट ही लांब, निमुळती पताका फडकते. जहाज निवृत्त होईपर्यंत ती पताका तेथे असते. खलाशासाठी जहाजाचा वाढदिवस हाच, जलावतरणाचा नव्हे.

त्या दिवशी जे कर्मचारी जहाजावर असतात त्यांना ‘कमिशनिंग क्रू’ म्हणतात आणि हा मान माणूस आयुष्यभर सांगतो. पण त्यासाठी सरकार पदक देत नाही. टोपी, मानचिन्हाची लाकडी ढाल, किल्लीची साखळी, टपाल खात्याचे विशेष आवरण, मेडॅलियन अशा वस्तू पाहुण्यांना आणि कर्मचाऱ्यांना दिल्या जातात. त्यामुळे ‘प्रदान’ हा शब्द पाटीवर नसावा असे मला वाटते.

पुढच्या टोकाविषयी नाणेसंग्रह यांना जी शंका आली तीच मलाही आली. 1961 च्या विक्रांतचा डेक पुढच्या टोकापर्यंत सपाट होता. ती वर वळलेली चढण, म्हणजे स्की-जंप, सी हॅरियर विमानांसाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीस बसवण्यात आली. बेलफास्टमध्ये 1961 साली कोणत्याही कलाकाराने ती कोरली नसती, कारण जगातल्या कोणत्याच जहाजावर तेव्हा ती नव्हती.

शंकासुर

निष्कर्ष जरा लवकर काढला जात आहे असे वाटते. मी यंत्रविभागात काम केले आहे आणि साचे कोरणारे कारागीर पाहिले आहेत. समुद्रावर चाललेले जहाज दाखवताना ते पुढचा भाग थोडा उंच करतात, कारण त्याने वेग आणि रुबाब दिसतो. शिवाय जहाज समोरून तिरके दाखवले असेल तर सरळ डेकही चढता भासतो. साठ मिलिमीटरच्या तबकडीवर जहाजाची लांबी फार तर चार-साडेचार सेंटिमीटर असणार. त्यातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या वळणावरून एखाद्या घराची आठवण खोटी ठरवणे मला धाडसाचे वाटते.

नाणेसंग्रह_पुणे

आक्षेप योग्य आहे, म्हणूनच भिंगातून पाहायला सांगितले. मात्र दोन गोष्टींत फरक करता येतो. रुबाबासाठी जहाज उचलले असेल तर पाण्याच्या रेषेपासून संपूर्ण पुढचा भाग, डेकसह, एकाच कोनात उचललेला दिसेल. स्की-जंप असेल तर डेकची रेषा बराच पल्ला सपाट जाईल आणि शेवटी अचानक वर वळेल. शिवाय येथे कोणाची आठवण खोटी ठरवण्याचा हेतू नाही. काका बेलफास्टला गेले होते की नाही आणि ही वस्तू बेलफास्टची आहे की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

प्राजक्ता_डोंबिवली

सर्वांचे आभार. ओळखीच्या सराफांकडे जाऊन मोजमापे घेतली. व्यास 60 मिलिमीटर, कडेशी जाडी 4 मिलिमीटर, वजन 94 ग्रॅम. चुंबक अजिबात चिकटत नाही. सराफांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट केली. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणला आणि मेडॅलियन दोऱ्याने पाण्यात, तळाला न टेकवता, लोंबते धरले. काट्याने 11 ग्रॅम दाखवले. याचा उपयोग तुम्हाला होईल असे ते म्हणाले.

त्यांच्याच भिंगातून जहाज पाहिले. डेकची रेषा मागून पुढे अगदी सरळ येते आणि शेवटच्या थोड्या भागातच वर वळते. पाण्याची रेषा मात्र सरळ आहे. त्या वळणाच्या पायथ्याशी एक छोटे विमान आहे. त्याला पंखा दिसत नाही आणि त्याचे पंख टोकाकडे खाली झुकलेले आहेत.

डबीच्या तळाला दुकानाचा एक चिकटपट्टीवजा कागद आहे. त्यावर इंग्रजीत पत्ता असून शेवटी ‘मुंबई’ आणि सहा आकडी पिनकोड आहे. फोन क्रमांक सात आकडी आहे. दुकानाचे नाव येथे लिहीत नाही, ते दुकान आता तेथे नाही असे समजले.

नाणेसंग्रह_पुणे

आपल्या सराफांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे केले त्याला विशिष्ट गुरुत्व काढणे म्हणतात आणि वस्तूला ओरखडाही न पाडता धातू ओळखण्याची ती उत्तम रीत आहे. पाण्यात लोंबत्या वस्तूमुळे काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतात तेवढे घनसेंटिमीटर तिचे आकारमान असते. 94 भागिले 11 म्हणजे साधारण 8.5. पितळ 8.4 ते 8.7 च्या दरम्यान येते. अलीकडच्या बऱ्याच स्वस्त स्मरणिका जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात आणि वरून त्यांना सोनेरी मुलामा दिलेला असतो. त्या 6.7 च्या आसपास येतात, म्हणजे याच आकारात वजन वीसेक ग्रॅमने कमी भरले असते. तुमचे मेडॅलियन भरीव पितळेचे आहे. अक्षरांच्या कडा धारदार आहेत आणि पार्श्वभूमीवर ओतकामातले बारीक खड्डे दिसत नाहीत, त्यामुळे ते ठशाने दाबून काढलेले असावे. काम चांगले आहे.

यावरून काळ मात्र ठरत नाही, पितळ कोणत्याही दशकात मिळते.

काळ ठरवतो तो डबीवरचा कागद, आणि तो मला जहाजापेक्षाही बोलका वाटतो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून आले. शहराचे इंग्रजीतील अधिकृत नाव 1995 मध्ये बदलले. त्यापूर्वी इंग्रजी पत्त्यात दुकानदार सहसा ‘बॉम्बे’ छापत. मुंबईचे फोन क्रमांक 2002 च्या अखेरीस सातावरून आठ आकडी झाले. म्हणजे ही डबी 1995 ते 2002 या काळातील असण्याची शक्यता मोठी आहे. डबी आणि मेडॅलियन मुळात एकत्र होते का, हा प्रश्न उरतो. मखमलीतला खळगा 60 मिलिमीटरचा आणि घट्ट बसणारा असेल तर ती जोडी मूळची समजायला हरकत नाही.

बोगमाळो_वास्को

विमानाच्या वर्णनावरून राहवले नाही म्हणून लिहितो. विक्रांतवर सुरुवातीला दोन प्रकारची विमाने होती, सी हॉक आणि ब्रेगे अलिझे. सी हॉक हे जेट, त्यामुळे त्याला पंखा नाही, परंतु त्याचे पंख शरीराच्या मध्यातून बहुतांश सरळ निघतात. अलिझेला नाकावर मोठा पंखा असतो. पंखा नाही आणि पंख वरून निघून टोकाकडे खाली झुकलेले, हे वर्णन सी हॅरियरचे आहे. सी हॅरियर भारतात आले 1983 च्या अखेरीस. सी हॉक त्याच सुमारास निवृत्त झाले, अलिझेचे जहाजावरून उड्डाण 1987 मध्ये बंद झाले, आणि मग कॅटापुल्टची गरज न राहिल्याने स्की-जंप आली.

आमच्याकडे बोगमाळोला दाबोळी विमानतळालगत नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तेथे ही तिन्ही विमाने उघड्यावर उभी आहेत आणि त्यांच्याजवळून फिरता येते. गोव्याला येणे झाले तर मेडॅलियनचे छायाचित्र फोनवर घेऊन जा आणि सी हॅरियरच्या समोर उभे राहून पंखांचा झुकाव ताडून पाहा. पर्यटक कोलव्याला जाताना बाहेरूनच पुढे जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. जाता जाता आठवण करून देतो, की विक्रांतच्या डेकवर पहिले जेट उतरवले ते लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी, 18 मे 1961 रोजी, सी हॉकमधून. पुढे ते नौदलप्रमुख झाले. 1961 मध्ये कोणी मेडॅलियन काढले असते तर त्यावर विमान दाखवताना सी हॉकच दाखवले असते.

शंकासुर

सपाट रेषा आणि झुकलेले पंख एकत्र आल्यावर माझा आक्षेप उरत नाही. पण आणखी एक शक्यता कोणी विचारात घेतलेली नाही. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नवी विक्रांत दाखल झाली. तिलाही स्की-जंप आहे, तिचा क्रमांकही आर 11 आहे आणि ब्रीदही तेच ऋग्वेदातले आहे. त्या वेळी जुन्या जहाजाची तारीख घालून कोणी स्मरणिका काढली असेल तर?

जुना_खलाशी

शक्यता विचारात घेण्यासारखी आहे, परंतु चित्र तिच्या विरुद्ध जाते. जुन्या जहाजाचे आयलंड, म्हणजे उजव्या बाजूचा मनोरा, अरुंद असून त्यावर धुराडे आणि सडपातळ डोलकाठी आहे. छायाचित्रात तेच दिसते. नव्या विक्रांतचे आयलंड चपट्या बाजूंचा मोठा ठोकळा आहे. नवे जहाज 262 मीटर लांब, जुने 213 मीटर. त्यामुळे आयलंड आणि एकूण लांबी यांचे प्रमाणही वेगळे पडते. नव्यावर सी हॅरियर कधी उतरलेच नाही, ते 2016 मध्येच निवृत्त झाले होते. आणि डबीवर सात आकडी फोन क्रमांक आहे, तो 2022 मध्ये कोण छापेल?

ध्वजाचा पुरावा येथे फारसा उपयोगी नाही, तरी पुढे कोणाला लागेल म्हणून लिहून ठेवतो. नौदलाचा ध्वज 1950 पासून 2001 पर्यंत पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा असा होता. 2001 मध्ये क्रॉस गेला, 2004 मध्ये मध्यभागी राजमुद्रा घेऊन परत आला, 2014 मध्ये राजमुद्रेखाली ‘सत्यमेव जयते’ आले, आणि नवी विक्रांत दाखल झाली त्याच दिवशी छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून प्रेरणा घेतलेल्या अष्टकोनाचा आजचा ध्वज आला. मीनाकारी केलेल्या रंगीत मेडॅलियनवर ध्वज असेल तर काळ लगेच सापडतो. तुमच्या मेडॅलियनवर तो नाही.

हौशी_वाचक

जुनी विक्रांत मोडीत काढल्यावर तिच्या धातूपासून बऱ्याच वस्तू झाल्या असे वाचले होते. बजाजने तर मोटारसायकल काढली होती. हे मेडॅलियनही त्याच धातूचे असेल का? तसे असेल तर त्याचे मोल फारच वाढेल.

नाणेसंग्रह_पुणे

काळ जुळत नाही. विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली, त्यानंतर मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली, 2012 मध्ये ते सुरक्षेच्या कारणावरून बंद झाले आणि 2014 च्या अखेरीस दारूखाना या मुंबईतल्या जहाजतोडणीच्या ठिकाणी तिचे तुकडे होऊ लागले. बजाजची गाडी 2016 ची. डबी त्याच्या कितीतरी आधीची आहे. शिवाय जहाजाचा सांगाडा पोलादाचा, त्याला चुंबक चिकटतो. हे पितळ आहे. जहाजावर पितळेची आणि ब्राँझची सामग्रीही असते हे खरे, पण धातू अमुक जहाजाचा आहे असे सोबत काही लिहिलेले नसेल तर तसे समजू नये. बाजारात ‘विक्रांतच्या धातूचे’ म्हणून काहीही दाखवले जाते. ज्या शहराने ते जहाज पंधरा वर्षे डोळ्यांसमोर उभे असलेले पाहिले, त्या शहरालाही ते राखता आले नाही. त्यामुळे तुकड्यांविषयीची ही ओढ मला समजते, पण ती पुराव्याच्या जागी येऊ शकत नाही.

आता सर्व एकत्र ठेवू. स्की-जंप आणि सी हॅरियर असल्याने हे 1980 च्या दशकाच्या अखेरीपूर्वीचे नाही. 4 मार्च 1986 रोजी जहाजाला पंचवीस वर्षे झाली, परंतु तेव्हा स्की-जंप बसलेली नव्हती, म्हणून तो प्रसंगही बाद. डबीनुसार 1995 ते 2002. या कालखंडात जहाजाची निवृत्ती येते आणि संग्रहालयाचा आरंभही येतो. माझा कल निवृत्तीकडे आहे. मात्र निवृत्तीसाठी काढले असते तर त्यावर 1997 का नाही, याचे पटणारे उत्तर माझ्याकडे नसल्याने मी ‘1990 च्या दशकाचा उत्तरार्ध’ एवढेच लिहीन.

काळपट थराविषयी: तो राहू द्यावा. चिंच-मीठ, लिंबू, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये. त्याने अक्षरांच्या धारा बोथट होतात आणि चकाकी चार महिन्यांत जाते. हाताळताना कडेने धरावे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये, त्यातील पीव्हीसी कालांतराने पितळेवर हिरवा डाग पाडते. चौकट करायचीच असेल तर गोंद न लावता खळग्यात बसवावे, म्हणजे मागची बाजू पाहण्यासाठी बाहेर काढता येईल. डबी आणि तो कागद दोन्ही जपून ठेवावेत.

जुना_खलाशी

प्राजक्ताताई, एक विचारायचे राहिले. काकांच्या कपाटात फितीची पदके होती का?

प्राजक्ता_डोंबिवली

हो, प्लॅस्टिकच्या पिशवीत काही होती. काकूंनी ती ‘नोकरीत सगळ्यांनाच मिळतात’ म्हणून बाजूला ठेवली होती. त्यांत पाच टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचे, तपकिरी झालेले एक आहे. त्यावर ‘पूर्वी स्टार’ असे लिहिले आहे आणि मागे काकांचा क्रमांक व नाव कोरलेले आहे.

मखमलीतला खळगाही पाहिला. मेडॅलियन त्यात घट्ट बसते आणि उलटे बसवले तर निघत नाही इतके नेमके आहे.

जुना_खलाशी

मग चौकटीत मध्यभागी तो तारा ठेवा. मेडॅलियन बाजूला असू द्या.

पूर्वी स्टार हे 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर केलेल्या सेवेसाठी सरकारने दिलेले पदक आहे. ते स्मरणिका नाही आणि त्यावर नाव असल्याने ते कोणाचे, याविषयी वादच नाही. त्या युद्धात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता, आणि अशा स्थितीत 4 डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. कॅटापुल्टला वाफ लागते आणि वाफ बॉयलरमधून येते. काका इंजिनरूममध्ये होते आणि त्या वेळी विक्रांतवर होते असे निघाले, तर ती सेवा काय असेल याची कल्पना करता येईल. मात्र हे ‘निघाले तर’ आहे. त्या समुद्रात ब्रह्मपुत्रा, बियास अशी आपली इतरही जहाजे होती. पदकावरून आघाडी कळते, जहाज कळत नाही.

बेलफास्ट आणि 1971 या दोन्ही प्रश्नांचे उत्तर कागदांतच मिळेल. नौदल सोडताना खलाशाला जी सेवेची कागदपत्रे मिळतात, त्यांत कोणत्या जहाजावर वा तळावर केव्हापासून केव्हापर्यंत नेमणूक होती याची नोंद असते. घरातील पेन्शनच्या फाईलमध्ये ती बहुधा सापडतात. नाही सापडली तर खलाशांची अभिलेख-व्यवस्था पाहणारे ब्युरो ऑफ सेलर्स हे कार्यालय मानखुर्दला चीता कँपमध्ये आहे. अर्ज काकूंच्या सहीने करावा, त्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत आणि काकांचा नौदल क्रमांक जोडावा. तो क्रमांक ताऱ्याच्या मागे आहेच. अर्ज लिहिण्यास अडचण आली तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

प्राजक्ता_डोंबिवली

चुलतभावाला हा सर्व धागा वाचायला दिला. प्रथम तो थोडा हिरमुसला, पण ताऱ्याविषयी वाचल्यावर त्याने स्वतःच पाटीचे काम थांबवले. पेन्शनची फाईल बँकेच्या लॉकरमध्ये आहे, ती काकूंसोबत जाऊन काढू. तोपर्यंत मेडॅलियनच्या चिठ्ठीवर ‘आयएनएस विक्रांत, नौदलात दाखल 4 मार्च 1961, स्मरणिका, 1990 च्या दशकाचा उत्तरार्ध’ एवढेच लिहिले आहे. यात काही बदल सुचवाल का?

नाणेसंग्रह_पुणे

‘उत्तरार्ध’ नंतर कंसात ‘अंदाजे’ घाला, आणि चिठ्ठीच्या मागे वजन, व्यास व तुमच्या सराफांनी काढलेला 11 चा आकडा लिहून ठेवा. बाकी मजकूर असाच असू द्या.

जुना_खलाशी

नेमणुकांची नोंद हाती आली की तारखांसह येथे लिहावी, ही विनंती. त्यांत जहाजांची आणि तळांची नावे संक्षेपात असतात, ती उलगडून द्यायला मी आहे.